महामारीची जबानी घ्यायची राहिली आहे

8 मे 2020 रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या मध्ये, सटाणा शिवारात, एका मालगाडीने रुळांवर झोपलेल्या मजुरांना चिरडले. 16 जण मेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले हे तरुण जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. टाळेबंदीत काम थांबले, हातातला पैसा संपत आला आणि भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेवर ते रुळांच्या कडेने चालत निघाले. रात्रभराच्या चालण्याने थकून तिथेच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, ही त्यांची समजूत होती. या घटनेची दखल तीन ठिकाणी घेतली गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून स्वतंत्र चौकशी होईल असे रेल्वेने जाहीर केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना नोटीस पाठवली. सर्वोच्च न्यायालयासमोर आठवड्याभरात अर्ज आला, तेव्हा रुळांवर झोपणाऱ्यांना कोण कसे रोखणार, असे विचारून न्यायालयाने तो नाकारला. स्थलांतरितांच्या हालांची स्वतःहून दखल न्यायालयाने घेतली ती मेच्या अखेरीस. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले.

रेल्वेची चौकशी तिच्या कक्षेतल्या प्रश्नांची असते. चालकाने भोंगा वाजवला का, ब्रेक कधी लावला, रुळांवर माणसे असल्याची सूचना कोणाला होती का. हे प्रश्न योग्यच आहेत. पण ज्या प्रश्नाने त्या 16 जणांचा जीव घेतला तो या कक्षेत बसतच नाही. परराज्यांतल्या मजुरांना गावी जाण्याची परवानगी द्यायची, तर तिची नेमकी रीत काय होती? आठवडाभर आधी अर्ज करूनही पास मिळाले नाहीत, असे बचावलेल्यांनी सांगितले होते. ते अर्ज कोणत्या कार्यालयात पडून राहिले, दोन राज्यांपैकी कोणाच्या होकारासाठी अडले, 1 मेपासून सुरू झालेल्या श्रमिक गाड्यांची माहिती जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या खोल्यांपर्यंत पोचवणे ही कोणाची जबाबदारी होती, मालकाने मजुरांच्या राहण्याजेवण्याची सोय करावी हा आदेश पाळला जातो की नाही हे कोणी तपासले? हे प्रश्न शपथेवर, उघड बैठकीत, संबंधित अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारले गेले नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. ज्याची नोंद झाली नाही ते घडलेच नाही, असे धरून चालणाऱ्या व्यवस्थेत आपण तो विषय मिटवला.

माझे म्हणणे एवढेच आहे: महाराष्ट्र सरकारने 2020 ते 2022 या काळातल्या आपल्या कारभाराची वैधानिक, उघड आणि मुदतबंद चौकशी करावी, आणि ती मुंबईच्या खोलीत न बसता जिल्ह्याजिल्ह्यांत फिरावी. कोणाला तरी फासावर चढवायचे म्हणून नव्हे. निर्णय कसे झाले, कोणत्या माहितीवर झाले, त्या माहितीपैकी कोणती दाबली गेली, कोणती वेळेवर पोचली नाही आणि कोणत्या माणसांनी कायद्यात नसलेली वाट काढून लोकांना वाचवले, हे एका जागी लिहून ठेवायला म्हणून. आज आपल्याकडे या काळाचे तुकडे आहेत. न्यायालयांचे आदेश आहेत, लेखापरीक्षणाचे अहवाल आहेत, पोलिसांचे गुन्हे आहेत, आगींनंतरच्या समित्यांची टिपणे आहेत. त्यांतला प्रत्येक तुकडा आपापल्या कामापुरता खरा आहे. ते जोडले म्हणजे आपोआप पूर्ण चित्र उभे राहील, हा समज मात्र खोटा आहे, कारण त्यांच्या मधली जागा कोणाच्याच कक्षेत येत नाही.

तुकड्याने काय दिसते आणि काय दिसत नाही, याचे सर्वांत चांगले उदाहरण छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, घाटी या शासकीय रुग्णालयात दिसले. दुसऱ्या लाटेत केंद्राकडून घाटीला 150 व्हेंटिलेटर आले. राजकोटच्या एका कंपनीने बनवलेले. घाटीने 17 स्वतःकडे ठेवले, 41 खासगी रुग्णालयांना दिले, 55 बीड, उस्मानाबाद, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांकडे पाठवले आणि 37 खोकी उघडलीच नव्हती. जी 113 यंत्रे वापरायला काढली ती सगळी सदोष निघाल्याची नोंद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली. डॉक्टरांच्या तक्रारी मोघम नव्हत्या. आत येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब पडद्यावर दिसत नाही, आणि रुग्ण यंत्रावर असतानाच त्याची ऑक्सिजनची पातळी घसरते, असे त्यांनी कागदावर लिहिले. मे 2021 मधला घाटीचा अतिदक्षता विभाग डोळ्यांसमोर आणला की या वाक्याचे वजन कळते. ज्या यंत्राकडे बघून डॉक्टर पुढचा निर्णय घेतो ते यंत्रच आंधळे, आणि शेजारच्या खाटेसाठी दुसरे यंत्र नाही. केंद्राने आधी बातम्या निराधार ठरवल्या, मग प्रतिज्ञापत्रात बोट वापरणाऱ्यांकडे वळवले. न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि न्यायमूर्ती बी. यू. देबडवार यांच्या खंडपीठाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत यावर स्पष्ट नाराजी नोंदवली. उत्पादकाची बाजू लढवण्यापेक्षा रुग्णांविषयी संवेदना दाखवा, या आशयाचे न्यायालयाने सुनावले, आणि मोठ्या दुरुस्तीतून गेलेल्या यंत्रांचा प्रयोग रुग्णांवर करू देणार नाही, असेही बजावले.

न्यायालयाने आपले काम केले, आणि उत्तम केले. तरी न्यायालयाचा प्रश्न होता: ही यंत्रे आज वापरायची की परत करायची? त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे प्रश्न तसेच राहिले. यंत्रे ताब्यात घेताना त्यांची तपासणी कोणी केली? सदोष असल्याचे पहिल्यांदा लक्षात आल्यापासून ते बीडच्या किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाला कळवायला किती दिवस लागले? तिथल्या डॉक्टरांना हाच अनुभव आला असेल तर त्यांचे पत्र कुठे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घाटीतल्या डॉक्टरांनी वरिष्ठांच्या नाराजीची पर्वा न करता लेखी तक्रार केली म्हणून आपल्याला हे कळले. जिथे तशी तक्रार झाली नाही तिथे काय झाले? खंडपीठ हे शोधायला बांधील नव्हते. चौकशी आयोग बांधील असता.

पहिला आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. त्या वेळी जगात कोणालाच काही कळत नव्हते, सगळेच अंधारात चाचपडत होते. आता निवांत बसून तेव्हाच्या निर्णयांचा न्याय करणे अन्यायाचे आहे. पहिल्या महिन्यांपुरते हे खरे मानायला हवे. 15 मार्च 2020 रोजी औरंगाबाद शहरात पहिला रुग्ण सापडला तेव्हा घाटीलाच काय, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनाही या आजाराची नीट ओळख नव्हती. पण चौकशी नीट बांधली तर तिचा पहिला नियमच असा असतो की त्या दिवशी त्या टेबलावर कोणती माहिती होती, तेवढ्यावरच निर्णय तोलायचा. आणि हा नियम लावला की काळाचे दोन भाग पडतात. पहिल्या लाटेत अज्ञान होते. दुसऱ्या लाटेत ते राहिले नव्हते. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत रुग्ण वाढू लागले, ते आकडे रोज छापून येत होते. मार्चच्या अखेरीस औरंगाबादच्या प्रशासनाने 30 मार्च ते 8 एप्रिल अशी टाळेबंदी जाहीर केली आणि ती सुरू होण्याच्या काही तास आधी मागे घेतली. तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांनी विरोधात मोर्चा जाहीर केला होता, व्यापारीही नाराज होते, हातावर पोट असणाऱ्यांचा प्रश्न खरा होता. टाळेबंदी मागे घेणे चूक होते की बरोबर, हे मी इथे ठरवत नाही. टाळेबंदी लावण्याचा निर्णय चुकीचा असण्याचीही शक्यता आहे. त्या रात्री प्रशासनासमोर खाटांचा, ऑक्सिजनचा आणि वाढत्या बाधितांचा काय अंदाज होता आणि त्या अंदाजाचे वजन किती पडले, हे मला हवे आहे. एका शहराच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय असा फिरला आणि त्यामागची कारणे लोकांपुढे लेखी आली नाहीत, ही गोष्ट पुढच्या साथीच्या वेळी आपल्याला कामाला येणार नाही.

अशीच आणखी एक गाठ जुलै 2020ची आहे. 10 ते 18 जुलै असे नऊ दिवस शहर कडक बंद ठेवले गेले. त्याच्या थोडे आधी, जुलैच्या सुरुवातीला, बजाज ऑटोच्या वाळूज प्रकल्पात 250हून अधिक कामगार बाधित झाल्याचे समोर आले होते आणि काही काळ प्रकल्प बंद ठेवावा अशी मागणी कामगार संघटनेने केली होती. शहरातल्या भाजीवाल्याला घरी बसवायचे आणि औद्योगिक वसाहतीत पाळ्या चालू ठेवायच्या, यामागे अर्थव्यवस्थेचा विचार होता की उद्योगांचा दबाव, की दोन्हींचा तोल, हे कोणी सांगायचे? संसर्ग कारखान्यातून वस्तीत आला की वस्तीतून कारखान्यात गेला, याचा अभ्यास झाला असेल तर तो कोणी वाचला? नऊ दिवसांच्या बंदने रुग्णवाढ किती रोखली? शहर पुन्हा कधी बंद करायचे झाले तर हेच प्रश्न पहिल्या दिवशी विचारले जातील आणि आपल्या हाती तेव्हाही अंदाजच असतील.

मृत्यूंच्या आकड्यांबद्दल तर वाद घालायलाही लाज वाटावी अशी स्थिती आहे. केंद्राच्याच नागरी नोंदणीनुसार 2020 मध्ये देशात सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले आणि 2021 मध्ये ते 1 कोटी 2 लाखांवर गेले. एका वर्षात 21 लाखांची वाढ. कोविडचे अधिकृत मृत्यू मात्र 2021 अखेरपर्यंत, दोन्ही वर्षांचे मिळून, 4 लाख 81 हजारांच्या आसपास. ही नोंदणीची आकडेवारी प्रसिद्ध व्हायला मे 2025 उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 47 लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला तेव्हा भारताने पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि पद्धतीवर आक्षेप घेण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहेच. पण मग आपली पद्धत सांगावी लागते. महाराष्ट्राला इथे एक श्रेय द्यायला हवे, की अनेक राज्यांच्या तुलनेत त्याने आकडे जास्त उघडेपणाने मांडले. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 50 हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीचे अर्ज मागवले तेव्हा 2022च्या सुरुवातीपर्यंत राज्यात 2 लाख 13 हजारांवर अर्ज आले होते आणि अधिकृत मृत्यू होते 1 लाख 41 हजारांच्या आसपास. मधल्या 70 हजारांत काही खोटे किंवा दुबार अर्ज असतील. बाकीची माणसे मग कोणत्या रकान्यात गेली? आणि ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंचे काय? जुलै 2021 मध्ये केंद्राने राज्यसभेत सांगितले की राज्यांनी असे मृत्यू वेगळे कळवलेले नाहीत. त्याआधी तीनच महिने, 21 एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि व्हेंटिलेटरवरचे 22 रुग्ण गेले होते. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने 2022च्या अहवालात मंत्रालयाच्या या पवित्र्यावर नाराजी व्यक्त केली आणि अशा मृत्यूंचे लेखापरीक्षण करा म्हणून सुचवले. समिती सुचवू शकते. साक्षीदाराला समन्स काढून शपथेवर बोलते करणे आणि कार्यालयातले नोंदवहीचे पान मागवून घेणे, हे अधिकार 1952च्या चौकशी आयोग कायद्यात आहेत.

दुसरा आक्षेप डॉक्टर-परिचारिकांच्या बाजूने घेतला जातो आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. ज्यांनी जीव धोक्यात घालून सेवा केली त्यांना आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार का? पण चौकशी न झाल्यामुळे कोण वाचले ते पाहू. जानेवारी 2021 मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो दोन परिचारिकांवर. नोव्हेंबर 2021 मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, 11 रुग्ण गेले, आणि अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना. अग्निसुरक्षेसाठी पैसे कोणी दिले नाहीत, वायरिंग कोणी मंजूर केले, कक्ष सुरू करण्याची घाई कोणाच्या आदेशाने झाली, या फायली मंत्रालयाच्या मजल्यांवर होत्या. पोलिसांचा तपास घटनेच्या जागेपासून सुरू होतो आणि जागेवर हजर असलेल्या माणसावर संपतो, हे त्याच्या रचनेतच आहे. उलट चौकशी आयोग कायद्याच्या कलम 6 प्रमाणे आयोगापुढे दिलेले निवेदन, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, त्या साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागू शकतो त्याला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कलम 8-बने दिला आहे. म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिकेला खरे बोलायला सर्वांत सुरक्षित जागा कोणती असेल, तर ती हीच.

पैशांच्या बाबतीतही तुकड्यांचा हाच घोळ आहे. मुंबई महापालिकेच्या व्यवहारांचे विशेष लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांनी केले. मार्च 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष विधानसभेत आले. त्यात कोविडवरचा 3,538 कोटी रुपयांचा खर्च तपासता आला नाही, कारण 1897चा साथरोग कायदा आणि 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे करून महापालिकेने कागद दिले नाहीत. मग पोलिसांचे विशेष पथक आले, सक्तवसुली संचालनालय आले, खिचडीचे कंत्राट, मृतदेहांच्या पिशव्यांची खरेदी असे गुन्हे झाले. खाल्लेला पैसा वसूल व्हावा, दोषींना शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण या प्रकरणांत रोख राहिला तो एका पक्षाच्या लोकांवर, आणि एका शहरावर. मराठवाड्यातल्या खरेदीचे काय, ग्रामीण रुग्णालयांना पाठवलेल्या साहित्याचे काय, याबद्दल चकार शब्द नाही. साथरोग कायद्याने सद्भावनेने काम करणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण दिले आहे. हिशेब दाखवण्यापासून सूट द्यायला तो केला नव्हता.

हा कायदा ज्या साथीतून जन्मला तिचा इतिहास इथे आठवायला हवा. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कायदा झाला, जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. घराघरांत घुसून झडत्या घेणाऱ्या त्या राजवटीबद्दल चांगले बोलण्यासारखे फार थोडे आहे. पण त्याच परक्या सरकारने 1898 मध्ये एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग नेमला. आयोग देशभर फिरला, डॉक्टर आणि अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतल्या, आणि त्या साक्षी अहवालासोबत अनेक खंडांत छापल्या. रँडच्या शिपायांच्या अत्याचाराला त्यातून न्याय मिळाला नाही, तो तसा मिळणारही नव्हता. तरी आज त्या काळाबद्दल कोणी अभ्यासक लिहितो तेव्हा त्या खंडांतल्या प्रश्नोत्तरांपर्यंत जातो. 2020-21 बद्दल 2120 मध्ये लिहिणाऱ्याच्या हाती आपण काय देणार आहोत? वर्तमानपत्रांची कात्रणे आणि मोबाइलवर फिरलेले आदेश.

चौकशीही चुकू शकते, आणि वाईट चुकू शकते. त्याच प्लेगच्या काळात 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन यांची लस टोचलेल्या 19 माणसांना धनुर्वात होऊन ती मेली. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांचे पद गेले. पुढे त्याच प्रकरणातल्या नोंदी शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासल्या, दोष गावात बाटली उघडताना झालेल्या संसर्गाचा असल्याचे मांडले आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. चुकीचा निष्कर्ष दुरुस्त करता आला, कारण बाटलीच्या क्रमांकापासून मदतनिसाच्या हातून पडलेल्या चिमट्यापर्यंत सगळे साक्षीत उतरलेले होते. साक्षच घेतली नसती, तर अफवा उरली असती आणि अफवेविरुद्ध अपील करता येत नाही.

आता उशीर झाला, असेही म्हटले जाते. स्वीडनने पहिली लाट ओसरायच्या आत, 30 जून 2020 रोजी, निवृत्त न्यायाधीश मॅट्स मेलिन यांचा आयोग नेमला आणि 25 फेब्रुवारी 2022 रोजी अंतिम अहवाल हाती घेतला. मधल्या दोन अहवालांतून वृद्धाश्रमांतल्या मृत्यूंची कारणे बाहेर आली, आणि ती सत्तेतल्या सरकारला सोयीची नव्हती. ब्रिटनने उलट फार वेळ आणि फार पैसा घेतला. बॅरोनेस हॅलेट यांच्या चौकशीचा निर्णयप्रक्रियेवरचा अहवाल नोव्हेंबर 2025 मध्ये आला. पण त्यात काय आहे ते पाहा: सरकारने जे केले ते अपुरे आणि उशिरा केले, फेब्रुवारी 2020 हा महिना वाया घालवला, आणि टाळेबंदी एक आठवडा आधी लावली असती तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे 23 हजार जीव वाचले असते असा अंदाज. माजी पंतप्रधान शपथेवर उभे राहिले, त्यांचे मोबाइलवरचे संदेश वाचून दाखवले गेले. तो देश त्याने कोसळला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची अशाच आयोगाची मागणी फेटाळली आणि तेव्हा साथ चालू होती. ती ओसरल्यावर कार्यकारी सत्तेने ते काम हाती घ्यायला कोणाची हरकत होती?

राहिला तो राजकारणाचा मुद्दा. कर्नाटकात 2023 मध्ये सत्ताबदल झाला आणि आधीच्या सरकारच्या कोविड खरेदीवर न्यायमूर्ती जॉन मायकल डिकुन्हा आयोग नेमला गेला. त्याने मोठा अहवाल दिला, तरी कक्षा खरेदीची आणि आरोप विरोधी पक्षावर, यामुळे त्याच्याकडे लोक पक्षाच्या चष्म्यातूनच पाहतात. महाराष्ट्राची स्थिती या बाबतीत विचित्र असली तरी उपयोगी आहे. 2020 पासून आजवर राज्यातला जवळपास प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत बसून गेला आहे. महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात जे होते त्यांतले कित्येक पुढच्या सरकारांतही मंत्री झाले. केंद्रात त्या काळात भाजपच होता. त्यामुळे चौकशी झाली तर धूळ सगळ्यांच्याच अंगावर उडेल. तिच्या निःपक्षपातीपणाची याहून चांगली हमी मला सुचत नाही, आणि ती होत नाही याचे खरे कारणही बहुधा तेच असावे. हेही मान्य करायला हवे की 24 मार्च 2020 रोजी चार तासांच्या सूचनेने देश बंद करण्याचा निर्णय केंद्राचा होता आणि राज्याचा आयोग त्याच्या मुळाशी जाऊ शकणार नाही. पण सार्वजनिक आरोग्य घटनेने राज्याकडे दिलेला विषय आहे, आणि खाटा, ऑक्सिजन, मजुरांच्या परवानग्या, स्मशानांतल्या नोंदी, खासगी रुग्णालयांची बिले हे सगळे राज्याच्याच हद्दीतले आहे.

अहवाल धूळ खातात, हे श्रीकृष्ण आयोगाचे नाव घेऊन मला नेहमी ऐकवले जाते. श्रीकृष्ण अहवालाची अंमलबजावणी झाली नाही, हे आपल्या राज्याचे लांच्छन आहे. पण तो अहवाल नसता तर 1992-93च्या मुंबईतल्या दंगलींबद्दल आज आपण कशाच्या आधारावर बोललो असतो? आणि प्रत्येक अहवाल वाया जातो असेही नाही. 26 जुलै 2005च्या मुंबईच्या पुरानंतर औरंगाबादकर जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने 2006 मध्ये अहवाल दिला. मिठी नदी, नाल्यांची वहनक्षमता, पर्जन्यमापकांचे जाळे यांबद्दल आज मुंबईत जी भाषा बोलली जाते तिच्यात त्या अहवालाचा मोठा वाटा आहे, आणि दर पावसाळ्यात महापालिकेला तोच अहवाल दाखवून जाब विचारला जातो. 2019च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरावर वडनेरे समिती बसली. म्हणजे पाणी वाढले की हे राज्य अभ्यास समिती नेमते. दीड लाखांच्या आसपास अधिकृत मृत्यू झालेल्या साथीवर मात्र नाही.

नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर 2024 मध्ये पुढच्या साथीच्या तयारीचा आराखडा दिला आहे, साथ ओळखल्यापासून पहिल्या 100 दिवसांत काय करायचे ते त्यात आहे. धडे घेऊन झाले, असे त्यावर बोट ठेवून म्हणता येईल. पण तो आराखडा वाचताना मला घाटीचे काय झाले ते कळत नाही. मे 2020 मध्ये नांदेडच्या, तेव्हाच्या सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना बाधा झाली तेव्हा त्यांना रुग्णवाहिकेने मुंबईच्या खासगी रुग्णालयात न्यावे लागले. मराठवाड्यातल्या आरोग्यसेवेबद्दल राज्याच्या मंत्रिमंडळाचे स्वतःचे मत काय होते, हे त्यातून दिसले, आणि राज्याचे आरोग्यमंत्री त्या वेळी जालन्याचेच होते. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये, साथ संपून गेल्यावर, त्याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण गेले, त्यांत 12 अर्भके, आणि त्याच सुमारास घाटीतही 24 तासांत 18 मृत्यूंची नोंद झाली. उच्च न्यायालयाने पुन्हा स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदीचा घोळ, रिक्त पदे, दूरदूरच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला येणारे रुग्ण, ही सगळी कारणे 2021 मध्येही हीच होती. कोविडसाठी घेतलेल्या कंत्राटी डॉक्टर-परिचारिकांना साथ उतरताच घरी पाठवले गेले. धडा घेतला असता तर हे दोन वर्षांत पुन्हा घडले नसते.

चौकशीत चांगलेही बाहेर येईल, आणि ते यायला हवे. खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांवर सरकारी दर लावण्याचा महाराष्ट्राचा आदेश देशात पुढच्या पावलाचा होता. तो कोणत्या शहरात पाळला गेला, बिले तपासणाऱ्या लेखापरीक्षकांनी किती पैसे परत मिळवून दिले? चिकलठाण्याच्या मेलट्रॉनच्या इमारतीतले कोविड रुग्णालय इतक्या वेगाने कसे उभे राहिले, आणि साथीनंतर त्याचे काय करायचे ठरवले? नोव्हेंबर 2021 मध्ये लसीकरणात औरंगाबाद जिल्हा मागे पडला म्हणून लस न घेतलेल्यांना पेट्रोल, गॅस आणि रेशन न देण्याचा आदेश निघाला. त्याने टक्का वाढला असेल. पण लोक लसीपासून लांब का राहिले होते, आशाताई दारोदार जाऊन काय सांगत होत्या आणि त्यांना काय ऐकून घ्यावे लागत होते, ही साक्ष कोणी घेतली नाही. पुढच्या वेळी रेशन अडवायचे की विश्वास कमवायचा, याचा निर्णय त्या साक्षीवर व्हायला हवा.

आयोगाची बांधणी अवघड नाही. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा, पण सोबत सार्वजनिक आरोग्य जाणणारा डॉक्टर, मृत्यूनोंदणीचे गणित समजणारा संख्याशास्त्रज्ञ आणि असंघटित कामगारांत काम केलेली व्यक्ती असावी. बैठका महसुली विभागनिहाय व्हाव्यात, उघड व्हाव्यात, कामकाज मराठीत व्हावे, म्हणजे घाटीतला सफाई कामगार आणि करमाडचा सरपंच दुभाष्याशिवाय बोलू शकेल. मुदत दीड वर्षाची. कायद्याच्या कलम 3प्रमाणे अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली याचे निवेदन सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. पण आयोगाच्याही आधी एक आदेश हवा: 2020 ते 2022 या काळातल्या ऑक्सिजनच्या नोंदवह्या, वॉर रूमचे कॉल, खाटावाटपाचे तक्ते, स्मशान आणि कब्रस्तानांची रजिस्टरे, मजुरांचे परवान्यांचे अर्ज यांतला एकही कागद नष्ट करू नये. त्या वेळचे अधिकारी निवृत्त होत आहेत, निवासी डॉक्टर शिक्षण संपवून देशभर पांगले आहेत, कंत्राटी कर्मचाऱ्यांचे पत्तेही उरलेले नाहीत. त्याच कलम 3मध्ये आणखी एक तरतूद आहे: विधिमंडळाने ठराव केला तर आयोग नेमण्यावाचून सरकारला गत्यंतर राहत नाही. विधानसभेत मराठवाड्याचे 46 आमदार आहेत, दोन्ही बाजूंच्या बाकांवर. ठराव त्यांच्यापैकी कोणीही मांडू शकतो, येत्या अधिवेशनात.